ऊन सारखंच, मग नकाशात एक तालुका लाल आणि एक पिवळा का?

मागच्या अंकात ऊर्जेच्या नकाशांवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रंच पत्रं आली, आणि त्यातली निम्मी सोलापूरची. साहजिकय म्हणा, मे महिन्यात दुपारी सात रस्त्यावर उभा राहिलेला माणूस उन्हाचा हिशोब मांडणारच. मी पण तिकडचाच, त्यामुळं उत्तरं थोडी लांबली तर चालवून घ्या.

प्रश्न : सर, मी एम.ए. भूगोल दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे सोलापूर जिल्ह्यातली सौर ऊर्जेची क्षमता, तालुकावार. मी नेटवरनं एका नकाशाचा फोटो घेतला आणि रंग बघून तालुक्यांना नंबर दिले, पण गाइड मॅडम म्हणाल्या हे चालणार नाही. आता डेटा कुठून आणू? – विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे गं. फोटोतल्या रंगामागं आकडा नसतो, तुला रास्टर पाहिजे, म्हणजे असा नकाशा ज्याच्या प्रत्येक बारीक चौकोनात एक नंबर भरलेला असतो. जागतिक बँक आणि सोलरगिस कंपनीचा ग्लोबल सोलर अॅटलस २०१७ पासून फुकट आहे, त्यात भारत निवडून जिओटिफ फाइल, म्हणजे तेच रास्टर, उतरवून घे. तिथं जीएचआय आणि पीव्हीआउट असे दोन शब्द दिसतील, आणि इथंच निम्मी पोरं घसरतात. जीएचआय म्हणजे आडव्या जमिनीवर चौरस मीटरला पडलेली उन्हाची ऊर्जा. पीव्हीआउट म्हणजे एक किलोवॉटचं पॅनेल बसवलं तर वर्षाला युनिट किती निघतील ते. विषय पॅनेलचा असेल तर पीव्हीआउट घे, कारण त्यात उष्णतेचा तोटा धरलेला असतो. पॅनेल २५ डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं, आणि आपल्याकडं मेमध्ये पत्र्यावर पॅनेल किती तापत असेल ते तूच बघ. म्हणजे ऊन भरपूर म्हणून वीज पण त्याच मापात भरपूर, असं होत नाही.

मग क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याची हद्द घेऊन रास्टर कापायचं आणि झोनल स्टॅटिस्टिक्स, म्हणजे प्रत्येक तालुक्यातल्या चौकोनांची सरासरी काढणारं टूल, चालवायचं, अकरा तालुक्यांची अकरा सरासऱ्या मिळतील. आता खरी गंमत. नकाशा उघडशील तर एक तालुका लालभडक, दुसरा फिक्कट पिवळा, वाटेल केवढा फरक आहे. पण सॉफ्टवेअर तुझ्या फाइलमधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घेतं आणि त्याच्यातच सगळे रंग ताणून बसवतं, मग फरक चिमूटभर का असेना. सरासरीचा तक्ता शेजारी ठेव, लगेच कळेल. ऊन करमाळ्यात आणि अक्कलकोटात जवळजवळ सारखंच पडतं, एका जिल्ह्यात उन्हावरून तालुक्यांची क्रमवारी लावण्यात फार अर्थ नाही. फरक पडतो तो जमिनीनं : पडीक किती, बागायत किती, उतार किती, सबस्टेशन किती लांब. जमीन-वापराचे थर इस्रोच्या भुवन या नकाशांच्या वेबसाइटवर आहेत. प्रोजेक्टचं वजन तिकडं टाक, मॅडमनाही आवडेल.

अजून एक, नासाचा पॉवर नावाचा ऊन-हवामानाचा डेटा कुणी सुचवला तर तो रोजच्या आकड्यांसाठी चांगला आहे, अनेक वर्षांची मालिका मिळते, पण त्याचा चौकोन पन्नास किलोमीटर आणि त्याहून मोठा असतो, अख्खा जिल्हा मोजक्या चौकोनांत संपतो. तालुके तुलना करायला तो घेऊ नको.

प्रश्न : मी जिल्ह्यातल्या सबस्टेशनभोवती ५ किलोमीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा गोल, काढला तर मुंबई, हैदराबाद, गोवा सगळं आत आलं. आणि जीपीएसचे पॉइंट टाकले तर सोलापूर नकाशात सापडतच नाही. काय चुकलं? – अशोक चौकातून एक वाचक

उत्तर : का बे, ५ किलोमीटर नाही, ५ डिग्री काढलास! लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर क्यूजीआयएस बफरचा आकडा डिग्रीत धरतं, आणि ५ डिग्री म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आधी लेयर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत बदलून सेव्ह कर, तिचा कोड ३२६४३, मग मीटरमध्ये ५००० लिही. आणि पॉइंटचं म्हणशील तर तू एक्स-वाय उलटे टाकलेत, एक्समध्ये रेखांश पाहिजे. सोलापूर साधारण १७.७ उत्तर, ७५.९ पूर्व. उलटं केलंस की ते ७५.९ उत्तरेला जातं, नॉर्वेच्याही वर, आर्क्टिक समुद्रात स्वालबार्डच्या दक्षिणेला. आपलं हुतात्मा चौक बर्फात. मी पण एकदा असंच करून तासभर स्क्रीनकडं बघत बसलो होतो, त्यामुळं हसत नाही.

प्रश्न : नववीच्या मुलांना ऊर्जेची साधनं शिकवते. महाराष्ट्रातल्या पवन ऊर्जेचा आकडा एका ठिकाणी ४५ गिगावॉट, दुसरीकडं ९८, तिसरीकडं १७४ दिला आहे. कुठला खरा? आणि मुलांना दाखवण्यासारखा मराठी माणसाच्या ओळखीचा एखादा नकाशा सांगा. – शिक्षिका, होटगी रोड

उत्तर : ताई, तिन्ही खरे आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेनं वेगवेगळ्या उंचीवर क्षमता काढली आहे : १०० मीटरवर ४५.४, १२० मीटरवर ९८.२ आणि १५० मीटरवर १७३.९ गिगावॉट. वारा वाढला नाही, खांब उंच झाला, आणि वर वारा जोरात असतो. म्हणून पवनचक्कीचा आकडा उंची न विचारता घ्यायचाच नाही. आणि ही फक्त क्षमता आहे, बसवलेली वीज नाही, हे मुलांना आधी सांगा. सौरचंही तसंच, महाराष्ट्राची आधीची ६४.३२ गिगावॉट क्षमता काढताना ३ टक्के पडीक जमिनीवर पॅनेल लावली असं धरलं होतं, टक्का बदला की आकडा बदलला.

नकाशा म्हणाल तर नीती आयोग आणि इस्रोनं ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेला भारताचा भू-अवकाशीय ऊर्जा नकाशा दाखवा, वीजकेंद्रं, कोळसाक्षेत्रं, तेलविहिरी, रिफायनरी सगळे थर चालू-बंद करता येतात. मुलांना विचारा, सोलापूर जिल्ह्यात कोळसा नाही, तरी एनटीपीसीचं ६६०चे दोन संच मिळून १३२० मेगावॉटचं केंद्र दक्षिण सोलापुरात कसं? कोळसा रेल्वेनं लांबून येतो, पाणी उजनीतून. मग उच्चदाब लाइनचा थर चालू करा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचा ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशाच्या ग्रिडशी एका फ्रिक्वेन्सीवर आला. पोरांना सांगून बघा, आपल्या गावावरून जाणाऱ्या तारांनी देश जोडला म्हणून, वर्ग कसा जागा होतो ते कळवा. फक्त एक लक्षात ठेवा, वीजकेंद्रांची जगभरची जी फुकट यादी डब्ल्यूआरआय (वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या संस्थेची आहे, ती २०२१ नंतर वाढवलेली नाही, नवीन प्रकल्प त्यात शोधू नका.

प्रश्न : सांगोल्याकडं माळावर सहा एकर आहे. सौर प्रकल्पाला भाड्यानं द्यायची म्हणतोय. नकाशा बघून कळेल का जमीन चालंल की नाही? – एक शेतकरी

उत्तर : दादा, उन्हाचा नकाशा बघायची गरजच नाही, ते तुमच्याकडं आहेच. तुम्ही मोजायचं ते जवळचं सबस्टेशन. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनपासून ५ ते १० किलोमीटरच्या आतली जमीन बघतात, तार जितकी लांब तितका खर्च. फोनवर मॅपमध्ये सरळ रेघ मारून अंतर काढा, पण बांधावरून, ओढ्यावरून तार कशी येणार ते स्वतः चालून बघा, रेघेला ओढा दिसत नाही. जमिनीचा तुकडा एका जागी सलग आहे का, उतार किती, पावसात पाणी साचतं का, हे पण बघा. नान्नजकडच्या वाचकांसाठी जाता जाता : माळढोक अभयारण्याची हद्द आधी बघा, तो पक्षी जड, समोरचं कमी दिसतं, तारेला धडकतो, म्हणून तिथं तारेचा प्रश्न वेगळाच आहे. सांगोल्यात ती अडचण नाही. सातबारा घ्या, गट नंबर लिहून ठेवा, आणि आधी सबस्टेशनला जाऊन अजून वीज घ्यायला तिथं जागा शिल्लक आहे का ते विचारा, भाड्याचं बोलणं त्याच्यानंतर.