जंगलात वाट चुकलो तर साधे सापळे लावून पोट भरता येतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सह्याद्रीत एकट्याने भटकताना वाट चुकली, डबा संपला, तर दोरी, तार, बाटली असं हाताशी असेल त्याचे सापळे करून दोन-चार दिवस निघतील का? आणि व्हिडिओत दाखवतात तो सशाचा फास कामाला येईल का?

फासाचं आधी मिटवतो. येणार नाही. माझं लहानपण भीमाशंकरच्या पायथ्याला, कर्जतच्या अंगाला गेलं. फासकी लावणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. ती आधी आठवडाभर नुसती फिरायची. कुठल्या कुंपणाच्या भोकातून ससा जातो, लेंड्या ताज्या की वाळलेल्या, गवत कुठे दबलंय, सगळं बघायची. मग दहा-पंधरा फास लावायची आणि तरी चारातले तीन दिवस हात हलवत परत यायची. तुम्ही परक्या रानात, अंधार पडता पडता, बुटाची नाडी सोडून एक फास लावणार. त्यात ससा सापडलाच तर त्या सशाचीच वेळ भरली होती म्हणायचं.

दुसरं म्हणजे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा फास लावण्याच्या प्रयत्नालाही शिकारच धरतो, जनावर सापडो न सापडो. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना केलेल्या वाराला त्यात सूट आहे, भुकेला नाही. शिवाय फास कोणाला ओळखत नाही. कोकणात डुकरांसाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासकीत बिबटे अडकतात. कंबरेत तार रुतलेला बिबट्या सोडवायला वनखात्याला बेशुद्ध करायची बंदूक घेऊन यावं लागतं. तुम्ही रानातून सुटून जाल, तुमची विसरलेली तार तिथेच राहील.

आता उपयोगाचं. सापळा लावायचाच तर पाण्यात लावा. रानात जनावराला शंभर वाटा असतात, ओढ्यात माशाला एकच. ती वाट तुम्ही दगडांनी अरुंद केलीत की मासा आपसूक तोंडाशी येतो आणि तुम्ही तोवर सावलीत पडून राहू शकता. उपाशी माणसाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

आम्ही चौघा मित्रांनी एकदा पैज लावून हे करून बघितलं होतं. मार्च महिना, गावचा ओढा (अभयारण्याच्या बाहेरचा, आत कशालाच हात लावायचा नाही). फक्त पकडू तेच खायचं, असं ठरलं. दोन लिटरची पाण्याची बाटली खांद्याखाली कापली, वरचा तुकडा उलटा करून आत बसवला, म्हणजे नरसाळं तयार झालं. कडेला करवंदीच्या काट्याने भोकं पाडून दोऱ्याने शिवलं. बाटलीच्या अंगालाही बारीक भोकं पाडली, नाहीतर पाणी खेळत नाही आणि आमिषाचा वास बाहेर जात नाही. आत मूठभर शिळा भात आणि बुडायला एक दगड. मग घोटाभर पाण्यात दगडांचे दोन हात रचले, वरून लांब-लांब आणि खाली जवळ येणारे, फटींत पाला आणि चिखल कोंबला. त्या चिंचोळ्या जागी बाटली ठेवली.

तोंड कुठे करायचं, यावर आमची तासभर हुज्जत झाली. मी म्हणत होतो प्रवाहाकडे. पहिल्या रात्री तसंच केलं आणि बाटलीत पाल्याशिवाय काही आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाच्या आजोबांनी काठावर उभं राहून विचारलं, "अरे, वास कुठं चाललाय? पाण्याबरोबर खालीच ना? मग खायला येणारा कुठनं येईल?" बाटली फिरवली, तोंड खालच्या अंगाला केलं, दगडांचे हातही तसेच उलटे रचले. सकाळी बोटाएवढ्या नऊ मासळ्या आणि चार झिंगे. प्रवाहाबरोबर वाहत येणारा मासा धरायचा असेल तेव्हा मात्र तोंड वरच्याच अंगाला लागतं, पण तिथे आमिषाचं काम नसतं.

नऊ मासळ्या ऐकायला बऱ्या वाटतात. दुकानाच्या काट्यावर सगळं मिळून 70 ग्रॅम भरलं. म्हणजे एका भाकरीचंही बळ नाही, आणि खाणारी तोंडं चार. दगड रचायला जे खर्च झालं ते वेगळंच. हिशोबाने आम्ही तोट्यात होतो. पैज रात्री एकाच्या घरी आमटी-भात खाऊन मोडली.

खेकड्याचा हिशोब जरा बरा. आमच्याकडचे काळपट मुठे रात्री बाहेर निघतात. त्यांना सापळासुद्धा लागत नाही, एक दोरी पुरते. दोरीच्या टोकाला माशाचं डोकं किंवा कोंबडीचं आतडं घट्ट बांधायचं, शेजारी छोटा दगड, आणि डोहाच्या कडेला सोडून गप्प बसायचं. थोड्या वेळाने दोरी बारीक, हट्टी अशी ओढली जाते. माशाच्या हिसक्यासारखी नाही, लहान पोर पदर ओढतं ना, तशी. तेव्हा झटका द्यायचा नाही. वीतभर ओढा, थांबा, वीतभर ओढा. खेकडा हावरट, नांगीत धरलेलं लवकर सोडत नाही, पण पाण्याबाहेर डोकं निघालं की त्याला अक्कल येते. म्हणून पाण्यातच त्याच्याखाली टॉवेल किंवा टोपी सरकवायची आणि मग उचलायचा. धरताना मागून, पाठीच्या दोन कडांना. दिवसा बिळात हात घालून खेकडे काढणारे पटाईत लोक असतात. तुम्ही घालू नका. बिळात खेकडाच असेल असं बिळावर लिहिलेलं नसतं.

आणि कच्चा खाऊ नका, अर्धवट भाजलेलाही नको. गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारा एक चपटा कृमी होतो. ईशान्य भारतात त्याचे रुग्ण आढळतात. खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षय समजून भलतेच उपचार होतात. पाठ लालभडक होऊन आतलं मांस पांढरं घट्ट होईपर्यंत निखाऱ्यावर ठेवा. आग पेटवायची सोय नसेल तर खेकडा पाण्यातच राहू द्या.

पावसाळ्यात वरचं जवळजवळ सगळं रद्द. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा आमची पोरं उलटी छत्री धरूनही मासे गोळा करतात, ते खरं. पण ते गावाजवळच्या खाचरात, माणसांच्या घोळक्यात. घाटाखालच्या ओढ्यात एकट्याने उतरणं वेगळं. वर पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही. पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या, की बाटली तिथेच सोडून वर निघा.

मुळात तुमच्या प्रश्नातला क्रम मला पटला नाही. हरवलेला माणूस पहिल्या दोन-चार दिवसांत भुकेने जात नाही. अन्नावाचून शरीर काही आठवडे तग धरतं, पाण्यावाचून मोजके दिवस, आणि भिजून गारठलेल्या माणसाला एक रात्रही पुरते. कडा उतरायचा आगाऊपणा करणाऱ्याला तर तेवढाही वेळ मिळत नाही. तेव्हा आधी 112 लावून बघा, स्वतःच्या सिमकार्डाला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा नंबर बरेचदा लागतो. मग एका जागी थांबा, अंग कोरडं ठेवा. सापळा त्यानंतर, बसल्या बसल्या करायचं काम म्हणून. मन गुंतून राहतं, हाही फायदा मी खरंच मोजतो.

2023 साली कोलंबियात ॲमेझॉनच्या जंगलात विमान पडलं, आई गेली, आणि चार भावंडं 40 दिवसांनी जिवंत सापडली. थोरली 13 वर्षांची, धाकटं विमान पडलं तेव्हा वर्षाचंही नव्हतं. त्यांनी खाल्लं ते विमानातलं कसाव्याचं पीठ, आणि ते संपल्यावर ओळखीची फळं आणि बिया. त्यांना कुठलं फळ खायचं ते घरातून माहीत होतं. आपल्याकडे मे महिन्यात करवंदं, जांभळं, आळू (रानातलं फळ, भाजीचं अळू नव्हे) ओळखणारा माणूस सापळेवाल्यापेक्षा सुखात राहील. कंदांच्या वाटेला मात्र अनोळखी माणसाने जाऊ नये. कळलावीचा कंद खाऊन माणसं मेली आहेत.

सोबत काय ठेवू, असंही तुम्ही विचारलंय. पिशवीत गुंडाळलेला लायटर, दहा मीटर बारीक दोरी, दोन गळ, शिट्टी, आणि पुडीभर मीठ. पैजेत एका रात्री दोन खेकडेही सापडले होते आणि मीठ आणायचं कोणाच्याच लक्षात नव्हतं. निखाऱ्यावर छान भाजलेले, गरमागरम, आणि एक नांगी फोडून खाल्ल्यावर चौघांनीही उरलेला दुसऱ्याच्या पुढे सरकवला.