मैदानगप्पा : पार्कांचं घर आणि साहेबांचे क्लब

प्रश्न : विजय आणि संजय मांजरेकर, दोघेही कसोटी खेळले. गोल्फमध्ये असं बाप-लेकांचं घराणं आहे का? आणि त्यांचा क्लब अजून चालू आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तांबड्या मातीच्या गावातून गोल्फचा प्रश्न आला, यातच मी खूश! टॉम मॉरिस आणि त्याचा मुलगा या गाजलेल्या गोल्फर बाप-लेकांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी सांगतो मसलबराच्या पार्कांबद्दल. स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या पूर्वेला समुद्रकाठी हे गाव आहे. लेक एडिंबराला नोकरीला असल्याने मी बसने दुपारी सहज जाऊन आलो.

१८६० साली स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला पहिली ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा झाली. खेळाडू अवघे आठ, एका दिवसात ३६ होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे. मसलबराचा विली पार्क सर्वांत कमी, १७४ फटक्यांत जिंकला. यजमानांचा लाडका टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. बक्षीस म्हणजे लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा, तोही वर्षभरापुरता. १८६३ साली पहिल्यांदा रोख बक्षिसं ठेवली, तर ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाला! विली पुन्हा जिंकला आणि त्याला नुसता पट्टा. पाच पौंड मॉरिसला, तीन विलीचाच भाऊ डेव्हिडला. घरी त्या रात्री काय संवाद झाला असेल, कल्पना करा.

विलीने १८६६ आणि १८७५ सालीही ओपन जिंकली. दुसरा भाऊ मंगो बरीच वर्षं दर्यावर खलाशी होता. परत आला आणि १८७४ साली घरच्याच मैदानावर विजेता ठरला. विलीचा मुलगा, तोही विलीच, १८८७ आणि १८८९ साली जिंकला. एका घरात सात ओपन. धाकट्या विलीचा भाऊ, धाकटा मंगो, थेट अर्जेंटिनाला गेला आणि तिथली ओपन तीनदा जिंकून बसला. धाकट्या विलीची मुलगी डोरिस १९३२ साली ब्रिटनकडून कर्टिस कप, म्हणजे ब्रिटन-अमेरिका महिलांचा सांघिक सामना खेळली.

आता क्लबचं. इथेच खरी मेख आहे. तुम्ही ‘त्यांचा क्लब’ म्हणता, पण क्लब पार्कांचा नव्हताच. मैदान गावाचं, नऊ होलचं, आणि १८१६ पासून त्याच्याभोवती घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. त्याच गवतावर वेगवेगळे क्लब खेळत. सभासद म्हणजे वकील, जमीनदार अशी बडी मंडळी. पार्कांसारखे व्यावसायिक खेळाडू त्यांच्या पिशव्या उचलत, त्यांना चेंडू आणि काठ्या बनवून देत, आणि पैजा लावून खेळत. गावातल्या कोळणीही खेळत. मसलबरा क्लबाच्या १८१० च्या इतिवृत्तात त्यांच्या स्पर्धेचं बक्षीस नोंदलंय : माशांची नवी पाटी, शिवाय बार्सिलोनाचे रेशमी रुमाल. मला हा पट्ट्यापेक्षा उपयोगी इनाम वाटतो.

गाव मात्र पार्कांच्या बाजूने पेटून उठायचं. १८७० सालच्या थोरला विली-टॉम मॉरिस पैजेत गर्दी इतकी आत घुसली की पंचांनी खेळ थांबवला. पंच आणि मॉरिस जवळच्या मिसेस फोरमनच्या गुत्त्यात जाऊन बसले. विलीने उरलेले सहा होल एकट्याने खेळले आणि ‘मीच जिंकलो’ म्हणून मोकळा झाला! चौथ्या होलला आजही त्या बाईंचंच नाव आहे.

१८८९ ची ओपन नोव्हेंबरात झाली. धाकटा विली आणि अँड्र्यू कर्काल्डी हा खेळाडू बरोबरीत. कर्काल्डीने एका होलवर इंचभरावरचा चेंडू एका हाताने, बेफिकिरीने ढकलायला जाऊन चुकवला होता, असं सांगतात. तो एक फटका नसता तर बरोबरी झालीच नसती. ३६ होलच्या फेरलढतीत विली पाच फटक्यांनी जिंकला. मसलबराची ती शेवटची ओपन. दोनच वर्षांनी ऑनरेबल कंपनी हा मातब्बर क्लब मुइरफील्डला स्वतःचं मैदान करून निघून गेला आणि जाताना ओपनही घेऊन गेला. पुढे रॉयल मसलबरा क्लबही प्रेस्टनग्रेंजला गेला. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर : क्लब जिवंत आहेत, फक्त जागेवर नाहीत.

धाकट्या विलीने मग मैदानं आखण्याचा धंदा धरला. लंडनजवळचं सनिंगडेलचं जुनं मैदान त्याचंच. १८९६ साली त्याने गोल्फवर पुस्तकही लिहिलं. व्यावसायिक खेळाडूने लिहिलेलं हे पहिलंच. ज्यांना क्लबाच्या दिवाणखान्यात मान नव्हता, त्यांच्या पोराकडून मग साहेबलोक खेळ शिकायला लागले, याचं मला फार बरं वाटतं.

मसलबराचं नऊ होलचं मैदान आजही सगळ्यांसाठी खुलं आहे. जुन्या पद्धतीच्या, हिकरी लाकडाच्या दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात. फक्त शर्यतींची तारीख बघून जा, त्या दिवशी घोड्यांचा हक्क पहिला.