धमनी म्हणजे फुंकायची नळी

राजारामपुरीतल्या एका वाचकांनी विचारलंय : ‘व्हिटॅमिन डीचं शरीरात जे क्रियाशील रूप बनतं ते मधुमेहींच्या नसांना चांगलं, असं वाचलं. इथे नस म्हणजे शीर की धमनी?’

या ‘नस’ शब्दानं अख्ख्या कोल्हापुरात घोळ घातलाय. जो तो म्हणतो, ‘शुगरनं पायाच्या नसा गेल्या.’ कुठल्या? तळव्याला मुंग्या येतात, चप्पल निसटलेली कळत नाही, ते मज्जातंतूंचं दुखणं. थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, ते रक्तपुरवठ्याचं. दोन्हीला नसच म्हटलं तर डॉक्टरांनी समजायचं काय? तुमच्या वाक्यात ‘रक्तवाहिनी’ हवं. हृदयाकडून रक्त नेणारी धमनी, परत आणणारी शीर.

आता धमनी. नाडीच्या ‘धमधम’ ठोक्यांवरून हा शब्द आला, असं काही वक्ते ठोकून देतात. साफ चूक. मूळ धातू ध्मा, म्हणजे फुंकणे. आयुर्वेदाचार्य चरकानं स्वच्छ सांगितलंय : ‘ध्मानाद् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः’. फुंकण्यावरून धमनी, स्रवण्यावरून स्रोत, सरण्यावरून सिरा. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, एखाद्या जुन्या कारागिरासमोर उभे राहा. वाकडी फुंकणी ओठात धरून, गाल फुगवून तो दिव्याची ज्योत दागिन्याच्या सांध्यावर नेमकी वळवतो. अमरकोशात सोनाराला म्हटलंयच ‘नाडिंधम’, नळी फुंकणारा! नाडी आणि धमनीचा धातू एकाच शब्दात, तोही सराफाच्या पेढीवर. चरकाचा टीकाकार चक्रपाणिदत्त इथे ध्मानाचा अर्थ ‘पूरण’, म्हणजे भरणे, असा लावतो. मला तो मुळीच मान्य नाही. भरणंच म्हणायचं असतं तर चरकाला ‘पूरण’ शब्द सुचला नसता का? ग्रीकांचा ‘आर्तेरिया’सुद्धा आधी श्वासनलिकेचंच नाव होता, मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असं ते मानत. दोन्हीकडे कल्पना वाऱ्याचीच.

आणि वायू धमनीत खरोखर आहे! तिच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्यानं ती सैलावते. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. चरकाला हे ठाऊक नव्हतं, पण नाव किती चपखल बसलं!

मधुमेहात हाच वायू कमी पडतो, आणि तुमचं व्हिटॅमिन येतं ते इथे. ते आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलून कॅल्सिट्रायॉल होतं, हेच तुम्ही वाचलेलं क्रियाशील रूप. प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींवर ते घातलं की नायट्रिक ऑक्साइड वाढतो, असं आढळलंय. माणसांत मात्र चित्र वेगळं. २०१८ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते, मधुमेही आणि इतरही. रोज २,००० युनिट डी घेऊनही हृदयविकाराचे झटके नि पक्षाघात कमी झाले नाहीत. तेव्हा कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. मनानं वाढवलंत तर रक्तात कॅल्शियम चढतं.