वाचक विचारतात: लाईट बिलापासून अंगणवाडीच्या पाकिटापर्यंत

डिसेंबर जवळ आला, कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधच्या आवारात झाडलोट सुरू झाली, की माझ्याकडची पत्रं वाढतात. मी सीमाभागातल्या एका आमदारांकडं आप्त सहायक, म्हणजे पीए होतो. त्यांचे सभागृहातले प्रश्न लिहून देणं हे माझं काम. निवृत्त झाल्यावर संपादकांनी हे सदर गळ्यात घातलं. या खेपेची निम्मी पत्रं निव्वळ राजकारणाची होती, ती बाजूला ठेवलीत. उरलेली लाईट बिल, पेन्शन आणि सरकारी खरेदीची.

आमच्या घरात यंत्रमाग आहेत, मोटारी सगळ्या मिळून १० एचपीच्या आत. २०२३ च्या बजेटात २५० युनिटपर्यंत वीज फुकट म्हणून सांगितलं. बिल कधी शून्य येतंय, कधी पुरं येतंय. वीज कंपनीला, हेस्कॉमला विचारलं तर म्हणतात, वरनं पैसे आले नाहीत. आमदारसाहेब म्हणाले, ‘सभागृहात मांडतो.’ मांडलं का नाही, आम्हाला कसं कळणार?
— एक विणकर, वडगाव, बेळगाव

दादा, ‘मांडतो’ म्हणजे नेमकं काय, ते आधी त्यांच्या पीएला विचारा. शून्य प्रहरात उठून दोन मिनिटं बोलले, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि मंत्री ‘बघतो’ म्हणून खाली बसतात. लेखी प्रश्न दिला, तर त्याला नंबर पडतो, खात्याला कागद जातो आणि उत्तर छापून हातात येतं. तुम्हाला फोटो नको आहे, कागद पाहिजे.

आता प्रश्न कुणाला, हे बघा. बिल हेस्कॉमचं, म्हणून सगळे ऊर्जामंत्र्यांच्या नावानं प्रश्न टाकतात. पण यंत्रमागाच्या सवलतीचा पैसा हातमाग व वस्त्रोद्योग खात्याकडनं यायचा असतो. एकाच मंत्र्याला विचारलं, की तो दुसऱ्याकडं बोट दाखवून मोकळा. म्हणून दोन प्रश्न द्यायचे, दोन्ही खात्यांना, आणि आकडे समोरासमोर ठेवायचे. वस्त्रोद्योग खातं म्हणतं अमुक कोटी दिले, हेस्कॉम म्हणतं तमुक मिळाले. मधली दरी तिथंच उघडी पडते.

बहुतेक कार्यकर्ते जे लिहून आणत, त्याचा नमुना सांगतो: ‘विणकरांवर घोर अन्याय होत आहे हे सरकारच्या निदर्शनास आले आहे काय? सरकारला जाग कधी येणार?’ यातलं दुसरं वाक्य सचिवालयातच कापलं जातं. टोमणा, आरोप, तर्क प्रश्नात चालत नाही, नियमच आहे. आणि पहिल्याला उत्तर येतं, ‘आले आहे.’ संपलं! आपल्याकडचे प्रश्न दोन रकान्यांत छापतात, डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तर. ‘निदर्शनास आले आहे काय’ यावर एक पोटप्रश्न घालवला, की उजव्या रकान्यातला तेवढा कागद वाया गेला म्हणून समजा.

मी असतो तर असा लिहिला असता: (अ) हेस्कॉमच्या बेळगाव शहर विभागात १० एचपीपर्यंतच्या किती यंत्रमाग जोडण्यांना मागच्या बारा महिन्यांत सवलत लागू झाली, महिनावार, (आ) त्याच जोडण्यांपैकी कितींना त्याच काळात पूर्ण दराने बिल दिले, (इ) वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे अनुदानाची रक्कम कंपनीला आगाऊ दिली काय, दिली असल्यास तारीखवार, (ई) नसल्यास कारणे.

कलम ६५ लक्षात ठेवा. सरकारला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण त्याचे पैसे वीज कंपनीला आधी मोजावेत, असं ते सांगतं. ‘वरनं पैसे आले नाहीत’ हे तुम्हाला खिडकीवर मिळालेलं उत्तर सभागृहात मंत्र्याला देता येत नाही, ते या कलमामुळं. घरगुती विजेच्या गृहज्योती योजनेचे २०० युनिट असोत की पंपसेट असोत, प्रश्न याच खिळ्यावर टांगायचा.

आणि एक गंमत. असा प्रश्न लागला, की बेंगळूरहून फोन हुबळीला, हुबळीहून बेळगावच्या सुपरिंटेंडिंग इंजिनियरला, तिथून तुमच्या सेक्शन ऑफिसरला: संध्याकाळपर्यंत आकडे पाठवा. तो बिचारा खुर्चीतनं उठतो, रजिस्टर काढतो आणि चुकीची बिलं ‘आकड्यात दिसू नयेत’ म्हणून त्याच आठवड्यात दुरुस्त करून टाकतो. उत्तर यायच्या आधी बिल सरळ झालेलं मी पाहिलेलं आहे. तेव्हा आमदारांकडं जाताना रडगाणं नेऊ नका. बिलावरचा आर. आर. नंबर, शून्याचं एक बिल, पूर्ण आकारणीचं एक बिल, दोन्हींची झेरॉक्स आणि गल्लीतल्या आणखी पाच-सहा जणांचे नंबर न्या. एकट्याची तक्रार तक्रारच राहते. सहा नंबर असले, की आमदार उभे राहतात.

काकींची संध्या सुरक्षा ही म्हातारपणाची पेन्शन बंद झाली आहे, १२०० रुपये यायचे. बेळगावच्या खासदारांच्या कचेरीत अर्ज दिला, तिथनं ‘आमच्याकडं येत नाही’ म्हणाले. गरिबाला कुणी विचारायचंच नाही का?
— एक वाचक, खानापूर तालुका

त्या कचेरीनं दोन अर्थांनी खरं सांगितलं, फक्त समजावून सांगितलं नाही. पहिलं म्हणजे तुम्ही राहता बेळगाव जिल्ह्यात, पण खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये मोडतो. तुमचे खासदार कारवारच्या बाजूचे. कित्तूरवाल्यांचंही तेच. दुसरं, संध्या सुरक्षा ही राज्याची योजना, तीही समाजकल्याण नव्हे, महसूल खात्याची. गृहलक्ष्मी महिला व बालकल्याणची, अन्नभाग्य अन्न व नागरी पुरवठ्याची. चुकीच्या खात्याला दिलेला प्रश्न ‘वर्ग करण्यात आला आहे’ असा शेरा घेऊन फिरत राहतो आणि अधिवेशन संपून जातं.

काकींचं एकटीचं प्रकरण सभागृहात नेऊ नका. त्यासाठी नाडकचेरी (गावाजवळची महसूल कचेरी) आणि तहसीलदार. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, एवढं आधी बघून घ्या, निम्म्या केसेस तिथंच अडलेल्या असतात. पण गावात अशा दहा काकी असतील, तर आमदारांना विचारायला सांगा: तालुक्यात या वर्षी किती पेन्शनी थांबवल्या, कारणवार किती, थांबवण्याआधी नोटीस दिली काय, आणि पुन्हा सुरू झालेल्यांची थकबाकी दिली काय. ‘कारणवार’ हा शब्द गाळू नका. तो नसला की नुसती बेरीज येते.

खासदारांना विचारण्यासारखं वेगळं आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनीत दिल्लीचा वाटा ६० ते ७९ वयापर्यंत महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. हे २०० रुपये दीड दशकाहून जास्त काळ तिथंच आहेत. त्यावर लोकसभेत प्रश्न टाकता येतो. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, तेही चिठ्ठ्या काढून. लोक तारांकितच्या मागं असतात, कारण त्याला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि उपप्रश्न विचारता येतो. मला विचाराल तर लेखी उत्तराचा अतारांकित बरा. टीव्हीवर येत नाही, पण राज्यवार तक्ता येतो, आणि तक्त्याशी कुणाला भांडता येत नाही.

आमच्या बचत गटाला अंगणवाडीच्या आहाराचं काम पाहिजे होतं. ठेकेदारच सगळं करतो आणि पाकिटातला माल पोरं खात नाहीत, जनावराला घालतात. महिलांना काम द्यायचं म्हणून कायदा आहे म्हणतात, खरं का?
— बचत गटाच्या सदस्या, निपाणी भाग

ताई, खरं आहे, आणि नुसता कायदा नव्हे, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की अंगणवाडीच्या आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार वापरायचा नाही, शक्यतो गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडनं करून घ्यायचं. आपल्या राज्यात त्यासाठी महिलांची आहार उत्पादन केंद्रं आहेत, कचेरीत त्यांना ‘एमएसपीटीसी’ म्हणतात. तेव्हा ‘ठेकेदार आहे काय’ असं विचारलं, तर ‘नाही’ असंच उत्तर येणार, कारण पाटीवर नाव महिलांचं असतं. विचारायचं ते पाटीच्या मागचं: केंद्राला गूळ, डाळ, रवा कोण पुरवतो, ती खरेदी कुठल्या निविदेनं झाली, केंद्रात किती महिला कामाला आहेत, त्यांना महिना किती पडतात, ते किमान वेतनापेक्षा कमी आहे काय, मालाचे नमुने कुठल्या प्रयोगशाळेत तपासले, किती नापास झाले, आणि नापास मालाचं बिल दिलं की अडवलं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत टोचणारा. माल नापास आणि बिल पास असेल, तर मंत्र्याला पाणी प्यावं लागतं.

खरेदीचा आपला कायदा १९९९ चा, ‘केटीपीपी’ म्हणून ओळखला जातो. निविदा काढल्याशिवाय सरकारनं खरेदी करू नये, हा त्याचा गाभा. त्यालाच एक मागचं दार आहे, कलम ४ (जी). सरकारला वाटलं तर एखाद्या खरेदीला निविदेतनं सूट देता येते. कचेऱ्यांत सगळे त्याला ‘फोर जी’ म्हणतात, मोबाईलशी संबंध नाही. आणीबाणीत हे दार लागतंच, पुरात तांदूळ वाटायला कोण निविदा काढत बसणार? पण सूट कुणाला, किती रकमेची, कुणाच्या शिफारशीनं, याचा तक्ता मागणं आमदाराच्या हातात आहे. हा एक प्रश्न प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक खात्याला, कुणी ना कुणी विचारलाच पाहिजे असं माझं मत आहे. फार कमी जण विचारतात. सत्तेतले विचारत नाहीत, ते समजतं. विरोधातले का विचारत नाहीत, ते तुम्हीच ओळखा.

निविदा निघाली म्हणजे सगळं शुद्ध, असंही नव्हे. २०२५ मध्ये स्मार्ट मीटरवरून विधानसभेत जुंपली, ती निविदा निघूनच. शेजारच्या राज्यांपेक्षा आपला मीटर महाग का, असं विरोधक विचारत होते आणि सरकार म्हणत होतं, केटीपीपीप्रमाणं सगळं झालंय. सगळ्यांत कमी दराची निविदा घेताना तो दर कामगाराच्या पगारातनं कापलाय की पोराच्या पाकिटातनं, हे निविदेच्या कागदावर दिसत नाही. म्हणून अटी विचाराव्या लागतात.

एक युक्ती सांगतो. आमदार टोलवत असतील, तर ग्रामपंचायतीच्या सदस्यांना बरोबर घेऊन विधान परिषदेच्या सदस्यांकडं जा. त्यांच्यातले काही स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातनं निवडून येतात, ते गाठा, त्यांना पंचायत सदस्यांची मतं लागतात. आठ सदस्य सतरंजीवर बसले, की चहा आपोआप येतो.

निवेदन मराठीत दिलं तर चालतं का?
— एक वाचक, उचगाव

चालतं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. सभागृहाचा प्रश्न मात्र कन्नड किंवा इंग्रजीत जातो. आम्ही मराठीत घेत होतो आणि रात्री बसून कन्नड करत होतो. मूळ मराठी कागदाला पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न विचारायला आमदार-खासदार पैसे घेतात म्हणे. आणि विचारून उपयोग तरी काय होतो?
— एक निवृत्त शिक्षक, चिकोडी

गुरुजी, घेतलेले आहेत. १९५१ मध्ये मुदगल नावाच्या संसद सदस्यांवर मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडनं पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला, त्यांना जावं लागलं. २००५ च्या डिसेंबरात कॅमेऱ्यासमोर पैसे घेतले म्हणून अकरा खासदारांना एका दमात काढलं. तुमच्याकडं कुणी मागितले, तर देऊ नका आणि मागणाऱ्याचं नाव गावात मोठ्यानं घ्या.

उपयोगाचं म्हणाल, तर १९५७ सालचा आयुर्विमा महामंडळाचा प्रश्न आठवा. उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत महामंडळानं पैसे का घातले, हे आधी राम सुभग सिंगांनी विचारलं, मग फिरोज गांधींनी धरून ठेवलं. दोघेही सरकारी बाकांवरचे. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी गेले.

आपल्याकडं एवढं काही घडत नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं उत्तर येतं आणि लोक कपाळाला हात लावतात. लावू नका. लोकसभेत असं उत्तर म्हणजे सरकारनं दिलेलं आश्वासन धरतात, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि न केल्यास आश्वासन समिती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारते. राज्याच्या विधिमंडळातही अशी समिती आहे. ‘विचाराधीन आहे’ यालाही हेच लागू. तुमच्या आमदारांना तेवढंच सांगा: उत्तराचा कागद समितीच्या अध्यक्षांकडं पाठवा, पत्रासह. मी हे कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं केलंय, आणि गल्लीतले विजेचे डांब याच समितीच्या रेट्यानं उभे राहिलेले बघितलेत.

उत्तरं कुठं वाचायला मिळतात?
— एक विद्यार्थिनी, अथणी

संसदेची संसदेच्या वेबसाइटवर, विषय आणि खासदाराच्या नावावरनं शोधता येतात. कर्नाटक विधानसभेची आणि परिषदेची त्यांच्या-त्यांच्या साइटवर, बहुतेक कन्नडमध्ये. तुला कन्नड येतं, घरच्यांना वाचून दाखव. उत्तरात ‘तपशील अनुबंधात दिला आहे’ असं असतं आणि कधी कधी अनुबंधच जोडलेला नसतो. तसं झालं तर आमदारांच्या पीएला फोन कर. छापील प्रत त्याच्या कपाटात पडलेली असते, मागितली की झेरॉक्स देतो.