मेपलच्या खोडात सुई खुपसणारी ही कुठली गांधीलमाशी?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, बॅकयार्डात जुनं मेपल आहे. सप्टेंबरमध्ये त्याच्या खोडावर दीड-दोन इंचाची तपकिरी माशी दिसली, पोटावर काळे-पिवळे पट्टे, आणि पोटाखालची सुई तिने चक्क लाकडात खुपसलेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथेच मेलेली, सुई तशीच आत. मुलं त्याच झाडाखाली खेळतात. ही डसते का? फवारणी करून घेऊ का?

उत्तर : डसत नाही, मुलांना खेळू द्या. वर्णनावरून ही हॉर्नटेल आहे, म्हणजे लाकडात अंडी घालणारी, गांधीलमाशीची लांबची नातलग, त्यातली ट्रेमेक्स कोलंबा ही जात, तुमच्याकडे मेपल, बीच, एल्म अशा झाडांवर दिसते. ती सुई म्हणजे नांगी नव्हे, अंडी घालायची नळी आहे, आणि लाकडात अडकून मादी तिथेच मरते हे या जातीत नेहमीचं आहे. ओळखायचं कसं, तर आधी कंबर बघा. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी असते, हिला कंबरच नाही, छातीपासून शेपटापर्यंत सगळं एकसारखं नळकांडं. आणि शेवटी दोन टोकं, वरचं आखूड शिंग नराला पण असतं आणि मादीला पण, खालची लांब सुई फक्त मादीला.

आता खरी गंमत. ही नुसती अंडी घालत नाही, सोबत बुरशी पण पेरते. मादीच्या पोटात बुरशी साठवायच्या खास पिशव्या असतात, ट्रेमेक्सची बुरशी सेरेना युनिकलर, ती लाकूड आतून कुजवून मऊ करते आणि मग पांढुरकी, एस आकाराची अळी ते पोखरत वर्ष-दोन वर्षं आतच राहते. तिच्याही शेपटाला बारीकसा काटा असतो. मागे सोडलेला भुसा बोगद्यात इतका गच्च दाबलेला असतो की बाहेर काही सांडत नाही, त्यामुळे पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडून माशी बाहेर पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

त्याच खोडावर कधी तीन-चार इंच लांब केसासारखी शेपटी असलेली, बारीक कंबरेची माशी दिसली तर तिला मारू नका हं! ती मेगारिसा, ती लाकडाच्या आतली हॉर्नटेलची अळी हुडकून काढते आणि शेपटी आत घालून अळीवर अंडं घालते.

फवारणीचं म्हणाल तर पैसे वाया, अळी आत खोलवर आहे, औषध पोचणारच नाही. ट्रेमेक्स धडधाकट झाडाकडे सहसा फिरकत नाही, आधीच आजारी किंवा मरायला टेकलेलं झाड निवडते. म्हणून माझं म्हणणं, माशीचा नाद सोडा आणि एखाद्या आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवून फांद्या तपासून घ्या, मुलं खाली खेळतात म्हणून तर नक्कीच.

पाइन असतं तर मी एवढा निवांत बोललो नसतो. सिरेक्स नॉक्टिलिओ नावाची निळसर काळी हॉर्नटेल मूळची युरोप-आशिया-उत्तर आफ्रिकेतली, ती अंड्याबरोबर बुरशी आणि विषारी चिकट द्रव सोडते आणि ताणाखालचं पण जिवंत झाड मारून टाकते. 1900 च्या सुमारास न्यूझीलंडला पोचली, 1952 मध्ये टास्मानिया, 1994 मध्ये दक्षिण आफ्रिका, आणि 2004 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सापळ्यात सापडली. 1987 पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत दक्षिण ऑस्ट्रेलिया-व्हिक्टोरियाच्या सीमेवर तिने पन्नास लाखांच्या वर पाइन मारले. तिच्यावर उतारा निघाला तो पण भन्नाट, एक सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक जंत, जो एरवी तिचीच बुरशी खाऊन जगतो पण अळी जवळ आली की तिच्या अंगात शिरतो आणि पुढे मादीच्या अंड्यांत घुसून ती निकामी करतो. मादी बिचारी उडते, नवीन झाड शोधते, अंडी घालते, पण त्या अंड्यांत निघतात सूत्रकृमी! म्हणजे स्वतःच्या शत्रूचा प्रसार ती स्वतःच करते.

प्रश्न : पुण्यात जुन्या पाइनच्या पॅलेटची शेल्फ बनवून घेतली, फळीवर गोल भोकं आहेत. हीच माशी का? घरभर पसरेल का?

उत्तर : भोकं पेन्सिलीएवढी गोल असतील तर हॉर्नटेल असू शकते, पण ती शेल्फ बनण्याआधीच, झाड उभं किंवा नुकतंच तोडलेलं असताना लागलेली. पॅलेटवर एचटी असा शिक्का बघा, म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशाला निदान 30 मिनिटं तापवलेलं, त्यात अळी वाचत नाही. आणि समजा शिक्का नसलेल्या लाकडातून एखादी निघालीच तरी घरातल्या सुक्या फर्निचरमध्ये ती परत अंडी घालत नाही, खिडकी उघडा आणि जाऊ द्या. भोकं एक-दोन मिलिमीटरचीच असतील आणि खाली बारीक पूड पडत असेल तर मात्र तो पावडर पोस्ट बीटल नावाचा भुंगा, तो सुक्या लाकडात पुन्हा पुन्हा अंडी घालतो, ती शेल्फ आजच बाल्कनीत काढा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा.