साठच्या दशकातला सायकेडेलिक फोक, म्हणजे गुंगीतल्यासारख्या, स्वप्नवत लोकसंगीताचा अल्बम रीमास्टर होऊन मिळतोय. घरात जुनी सीडी असताना तो पुन्हा ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे. निदान तुम्ही ज्याबद्दल विचारलंय त्या इनक्रेडिबल स्ट्रिंग बँडच्या 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर'च्या बाबतीत तरी नक्कीच आहे. तुमच्याकडे सीडीच्या सुरुवातीच्या काळातली प्रत आहे, तिचा आवाज पातळ वाटतो, आणि २०१०ची रीमास्टर प्रत घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत. ऐकायला बसतो तेव्हा मी नवीच लावतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण दुकानदारसुद्धा यात गल्लत करतात. रीमास्टर म्हणजे गाणी नव्यानं मिक्स करणं नव्हे. कुठलं वाद्य डावीकडे, कुठलं उजवीकडे, कोण मोठ्यानं, कोण हळू, हे त्या वेळी ठरलं ते ठरलं. मिक्स झालेली टेप पुन्हा नीट वाजवून तिचा खर्ज-तार तोल आणि आवाजाची पातळी यांवर काम होतं, एवढंच. पुष्कळ जुन्या रॉक अल्बमचं यात वाटोळं झालंय. सगळं एकाच उंचीवर दाबून मोठं केलं की हळू आणि जोरात यांतला फरकच मरतो. इथे तसं झालेलं नाही. २०१०ची ही प्रत मूळ निर्माता जो बॉइड याच्या देखरेखीखाली तयार झाली, आणि ऐकताना त्याचा फरक जाणवतो.

या अल्बमला तो फरक इतका का पडतो? कारण तो बारीक आवाजांचाच बनलेला आहे. सायकेडेलिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इलेक्ट्रिक गिटार आणि धूर येतो. इथे रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरन हे स्कॉटलंडचे दोन तरुण आहेत आणि त्यांच्याभोवती वाद्यांचा बाजार मांडलेला आहे: सतार, ऊद, हार्प्सिकॉर्ड, मेंडोलिन, मोरचंग, मोरोक्कोची गिम्ब्री, आणि चक्क सनई. चेल्सीतल्या एका जुन्या डेअरीच्या जागेत साउंड टेक्निक्स नावाचा स्टुडिओ होता. तिथे जॉन वुडनं हे ध्वनिमुद्रण केलं, थरावर थर चढवत. मार्च १९६८मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनच्या अल्बमविक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. तुमची जुनी सीडी मी ऐकलेली नाही, पण माझ्या जुन्या प्रतीत या थरांचा गोळा होतो. नव्या प्रतीत तार कुठे छेडली, श्वास कुठे घेतला, हे वेगवेगळं कळतं.

आपल्या कानाला सतार खटकेल, हे आधीच सांगून ठेवतो. आलाप नाही, जोड नाही, रागाचं नाव नाही. त्यांनी ती बहुतेक ठिकाणी तानपुऱ्यासारखी, गाण्याखाली अंथरायला वापरली आहे. हिंदुस्थानी संगीताची फूटपट्टी लावलीत तर पहिल्याच गाण्यात वैतागाल. त्याऐवजी त्या गाण्यातल्या कोड्याकडे लक्ष द्या: पृथ्वी, आप, तेज आणि वायू एका बागेत भेटले आणि चामडीनं बांधलेल्या टोपलीत घातले गेले. कूट अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला ती टोपली कुठली हे सांगावं लागत नाही.

पण खरी परीक्षा घ्यायची तर 'अ व्हेरी सेल्युलर साँग' लावा. तेरा मिनिटांचं आहे, फोन बाजूला ठेवा. हेरनचं हे गाणं एका मनःस्थितीतून दुसरीत असं सरकत जातं. मध्येच ते थेट बहामा बेटांवर पोचतं. तिथे मृताला निरोप देताना म्हणायचं एक भक्तिगीत आहे. जोसेफ स्पेन्स आणि पिंडर कुटुंबाच्या आवाजात ते १९६५मध्ये तिथेच ध्वनिमुद्रित झालं होतं. हेरननं ते आपल्या गाण्यात जसंच्या तसं बसवलंय. आपल्याकडे भजनात बुवांच्या ओळीवर टाळकरी येतात ना, तसे एकेक आवाज येऊन मिळतात. जुन्या सीडीवर मला तिथे फक्त गलका ऐकू यायचा. आता प्रत्येक गळा वेगळा कळतो, थोडा बेसूर झालेलाही. तो बेसूरपणा पुसलेला नाही, याचा मला फार आनंद आहे. ओट्यावर बसून जमलेली माणसं गातात तसंच ते असायला हवं.

पुढे अमीबाच्या तोंडचं गाणं येतं. दुभंगत राहणारा, भांडणतंटा ठाऊक नसलेला जीव. आणि शेवटी दीर्घकाळ सूर्य तुमच्यावर तळपो असा आशीर्वाद. पाश्चात्त्य देशांत कुंडलिनी योगाच्या वर्गाअखेर तोच आशीर्वाद आजही गातात, आणि कितीतरी जणांना तो कुठल्या अल्बममधला हे माहीत नसतं.

सगळंच तितकं थोर नाही. मायनॉटॉरचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाचं गाणं मला कुठल्याच प्रतीत आवडलेलं नाही. डेव्हिड स्नेलची हार्प ज्यात आहे ते 'वॉल्ट्झ ऑफ द न्यू मून' मात्र नव्या प्रतीत उजळून निघालंय.

तुलना करताना दोन्ही प्रतींचा आवाज कानानं सारखा करून घ्या. जी जरा मोठ्यानं वाजते तीच चांगली वाटते, हा कानाचा धर्म आहे. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ठरवू नका. साधा पण बरा हेडफोन पुरे.

हे पटलं तर त्यांचा जुलै १९६७चा 'द ५००० स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ दी अनियन' घ्या. त्यात डॅनी थॉम्पसनचा डबल बास आहे, आणि कव्हरवर सतारीपुढे 'सोमा' एवढंच नाव आहे. ते वादक म्हणजे नझीर जयराजभॉय, ज्यांनी पुढे उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९७१मध्ये मोठा अभ्यासग्रंथ लिहिला. त्या अल्बमवरची सतार तुम्हाला खटकणार नाही.