आजी "पोट भरलं का?" असं का विचारते

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

वाईहून आलेला तुझा मेसेज कामावर जाताना बसमध्ये वाचला. श्रावणातला शुक्रवार म्हणून आजीने पुरण घातलं, तू पहिल्याच घासाला "आजी, मस्त झालीये पोळी" म्हणालीस आणि मग आणखी दोनदा म्हणालीस. तरी ती तुझ्या ताटाकडेच बघत राहिली आणि शेवटी विचारलं, "पोट भरलं ना गं?" इतकं कौतुक केलं तरी आजीला ते पोचलं नाही का, असा तुझा प्रश्न.

पोचलं, बाळा. पण तिने जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं. "मस्त झालीये" हे पोळीबद्दल झालं, "पोट भरलं" हे तुझ्याबद्दल. तू तिच्या हाताला दाद दिलीस, ती तुझ्या चेहऱ्यावर समाधान शोधत होती. आपल्याकडे पंगतीतून उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणतात. त्यात बघ, पदार्थाचं नावसुद्धा नाही.

म्हणून दाद कमी मोलाची असं समजू नकोस. हा शब्द फारसीतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ न्याय. म्हणूनच आपण कोर्टात दाद मागतो आणि गाण्याच्या बैठकीत तबलजी नेमका समेवर आला की दाद देतो. कुणीतरी जीव ओतून काही केलं, ते आपण नीट पाहिलं आणि त्याचं देणं त्याला दिलं. मला हा अर्थ फार आवडतो. पण दाद दुसऱ्यानेच द्यावी लागते. समाधान असं कुणाच्या हातावर ठेवता येत नाही. सम्, आ आणि धा मिळून हा शब्द झाला, म्हणजे नीट एकत्र ठेवणं. शंकेचं समाधान होतं तेव्हा डोक्यात भिरभिरणारा प्रश्न जागेवर बसतो. मनाचंही तसंच.

टोरांटोच्या तुझ्या प्रगतिपुस्तकात "एस" दिसला की तू हिरमुसतेस, कारण तिथे समाधानकारक म्हणजे "चांगलं"च्या खालचं. मराठी शाळेतला "प्रगती समाधानकारक" हा शेराही तसाच कोमट. घरात मात्र हा शब्द मोठा आहे.

मी तुझ्याएवढी असताना एका होळीला पाहुणे जेवायला होते. सगळ्यांनी पोळ्यांची तोंडभर स्तुती केली. आई मात्र रात्रीपर्यंत हळहळत होती: पुरण सैल झालं, पोळ्या लाटताना फुटल्या. त्या दिवशी कौतुक भरपूर मिळालं, समाधान नाही. उलट रोजच्या आमटी-भाताला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही. मीही नाही, आणि ते आता मला टोचतं. तरी सगळे पोटभर जेवून उठले की ती रिकामं पातेलं मोरीत ठेवायची आणि ओट्याला टेकून क्षणभर नुसती उभी राहायची. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

तेव्हा "छान झालंय" जरूर म्हण, पण पुढे "पोट भरलं, आजी" हेही म्हण. खरंच भरलं असेल तेव्हाच म्हण, तिला लगेच कळतं. आणखी एक कर. सगळ्यांचं झाल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसते. तिच्याजवळ बस, तिच्या ताटात गरम पोळी वाढ, वर तूप घाल आणि तिने "पुरे" म्हटलं तरी एकदा आग्रह कर. तिला असं कुणी वाढत नाही.

आणि हो, जिवतीची पूजा झाल्यावर तुला औक्षण केलं, तेव्हा तिने चारी दिशांना अक्षता टाकल्या का? परगावी असलेल्या लेकरांसाठी टाकतात. ते कळव.

तुझी,
आई